अठ्ठेचाळीस मिनिटांची पडशी

कराडजवळ हायवेला लागून तात्यासाहेबांचा पाण्याच्या मोटारीचे स्टार्टर बनवायचा कारखाना आहे. त्याच्या माडीवर दोन टेबलं होती, आणि त्या दोन टेबलांत इतकं वैर होतं की मधनं चहा नेला तर नासायचा. खोटं वाटत असेल तर चहावाल्याला विचारा. बिचारा शेवटी दूध एका किटलीत आणि कोरा चहा दुसरीत आणायला लागला.

उत्तरेच्या टेबलावर नाथाजी. साताऱ्याच्या बाजूचा, कोरेगावकडचा गडी. फौजेत सिग्नलमध्ये सव्वीस वर्षं काढून, हवालदाराच्या एक पायरी वरचा नायब सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेला. मिशी अशी ताठ की माडीवर मोबाइलला रेंज नसली की माणसं काही काम नसताना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहायची. शेतातली मोटार घरबसल्या मोबाइलवरनं चालू-बंद करायचं अ‍ॅप त्यानंच नऊ वर्षांपूर्वी लिहिलं होतं. बायको म्हणायची, घरातल्या पोरांची नावं चुकतील पण अ‍ॅपमधली ओळ चुकणार नाही.

दक्षिणेच्या टेबलावर ब्राह्मी. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची पोर, कराडातच इंजिनिअर झालेली, सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली. तिची आज्जी आक्काताई रोज सकाळी नेम घ्यायची: आज ताटात सातच जिन्नस, आठवा नाही. नात तेच बघत वाढलेली. आल्या दिवशीच तिनं नाथाजीचं अ‍ॅप उघडलं, खालपर्यंत वाचलं आणि सगळ्या माडीला ऐकू जाईल असं विचारलं, "हवालदारकाका, हे अ‍ॅप आहे का अडगळीची खोली?"

अडगळीचं एक वेळ त्यानं सोडलं असतं. 'हवालदार' मात्र काळजात छऱ्यासारखं घुसलं.

"नायब सुभेदार," तो म्हणाला.

"तेच ते," ती म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून युद्ध.

आता बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. नाथाजीनं साध्या मोबाइलसाठी सगळं एकदा लिहिलं होतं, आणि लोकांनी आयफोन घेतल्यावर तेच सगळं दुसऱ्यांदा. एकीकडची चूक काढली की दुसरीकडची राहून जायची. मग शेतमालकाच्या आयफोनवर मोटार बंद दिसायची आणि गड्याच्या मोबाइलवर तीच मोटार पाणी ओतत असायची. त्यात अ‍ॅप एवढं फुगलं की जुन्या मोबाइलमध्ये शिरेना.

दिवाळीआधी तात्यासाहेबांनी दोघांना समोर बसवलं. तात्यासाहेब म्हणजे पांढरी टोपी, हळू आवाज आणि एकदा बोललेलं न फिरवणारा माणूस.

"मला एक पडशी पाहिजे," ते म्हणाले. "वेळ काढायची, आकडा मराठीत दाखवायचा, निरोप धाडायचा, पोचला का बघायचं. असली बारकी कामं जी प्रत्येक अ‍ॅपला लागतात, ती एकदाच लिहून एकत्र बांधा. तुम्ही त्याला लायब्ररी म्हणता, मी पडशी म्हणतो. खांद्याच्या एका अंगाला आयफोन, दुसऱ्या अंगाला बाकीचे सगळे. चालली पाहिजे दोन्हीकडं, आणि खांदा दुखता कामा नये."

"वजन किती चालंल साहेब?" नाथाजीनं विचारलं.

तात्यासाहेबांनी मोबाइल काढून सकाळीच आलेलं गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल दाखवलं. "ह्या फुलाएवढं. शेतकऱ्याच्या मोबाइलमधलं एक फूल पुसलं की आपली पडशी बसली पाहिजे."

दोघांनी आपापली पडशी बांधायची. नोव्हेंबरच्या शेवटी जोतीराम नावाच्या शेतकऱ्याच्या रानात दहा मोबाइल ठेवून परीक्षा. जी दहाच्या दहांवर चालेल ती राहील. ज्याची हरेल त्यानं खाली तक्रारींच्या फोनवर बसायचं आणि पुन्हा प्रोग्रामला हात लावायचा नाही.

"आणि एक," तात्यासाहेब उठता उठता म्हणाले. "रोज एकमेकांचं काम तपासायचं. चूक दिसली की त्याच दिवशी सांगायची. वैर कितीही करा, चूक लपवायची नाही."

तक्रारींचा फोन म्हणजे काय, हे नाथाजीला चांगलं ठाऊक होतं. त्या खुर्चीवर आधी बसलेल्या माणसाचा उजवा कान गिऱ्हाइकांच्या शिव्यांनी भाजून काळा पडला होता, आणि तो आता लग्नाच्या पंगतीतही डावा कान पुढं करून बसतो, असं सगळा कारखाना सांगायचा. नऊ वर्षांचं काम आणि वर ती खुर्ची. नाथाजीनं मिशीला पीळ दिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरनं फौजेची घोंगडी आणली आणि माडीवर अंथरली. फौजेत इन्स्पेक्शनच्या आधी जवान आपलं सामान घोंगडीवर ओळीत मांडतो, तसे त्यानं आपल्या पडशीतल्या कामांचे कागद मांडले. एका कामाला एक कागद. दोनशे बारा कागद झाले. घोंगडी संपली, व्हरांडा संपला, चार कागद जिन्यात गेले.

ब्राह्मी चपला काढून कागदांतून फिरली. "हे काय?"

"शके, संवत, हिजरी. कुठल्याबी सनाची तारीख काढून देतंय."

"मोटारीला हिजरी सन कशाला?"

"वेळ काय सांगून येती व्हय?"

"आणि हा पहारेकरी कोण?"

"दर मिनिटाला मोबाइल निरोप धाडतो, 'सब ठीक'." नाथाजी छाती काढून म्हणाला. "सीमेवर पहारा असाच असतो."

"दर मिनिटाला! म्हणून तुमचं अ‍ॅप टाकलं की बॅटरी दुपारी मरते." तिनं कागद उचलून त्याच्या हातात दिला. "सब ठीक असेल तर गप्प बसायचं, हवालदारकाका. बिघडलं तर बोलायचं."

"नायब सुभेदार! आनि तुजं सामान कुटं हाय, वजनकाटा?"

तिनं पर्समधून एक वहीचं पान काढलं. त्यावर सात कामं होती.

"सात?" नाथाजी हसला. "ही पडशी हाय का चंची?"

"सगळं मधल्या गाभ्यात एकदाच लिहिलंय. गाभ्याला कुठला मोबाइल आहे ते माहीतच नाही. दोन्ही अंगांना पातळ खिसे, तेवढेच त्या त्या मोबाइलचं बोलणं समजून घेतात. चूक झाली तर एका जागी. तुमच्यासारखी जुळी नाहीत, एकाला जुलाब तर दुसऱ्याला ताप."

त्या दिवसापासून ती रोज त्याचं काम तपासायची आणि रोज चूक सांगायची, तीही उभी राहून, मोठ्यानं, चहाच्या वेळेला. एकसष्ट चुका झाल्या. नाथाजी एकेक दुरुस्त करायचा आणि मनात एकेक गोळी भरून ठेवायचा. तिच्या सात कामांत त्याला मात्र चूक सापडेना. तांदूळ निवडावेत तशी एकेक ओळ निवडली. खडा नाही.

खडा सापडला तो डब्यात.

नाथाजीला पहाऱ्याची सवय. समोरच्या टेबलावर काय हालतंय त्याची वहीत नोंद व्हायचीच. ब्राह्मी दिवस मावळायच्या आत जेवायची आणि मग एसटी धरायची. डबा मिटायची तिची वेळ इतकी नेमकी की नाथाजी तिच्यावर घड्याळ लावायचा. वीस ऑक्टोबर, पाच एकवीस. पुढच्या आठवड्यात चार मिनिटं आधी. आणि तिची सात कामं चाळता चाळता त्याला तेच आकडे दिसले. कुठं? सूर्यास्ताच्या कामात. सूर्य कधी मावळेल हे गणितानं काढलं असतं तर पडशी जड झाली असती. म्हणून तिनं वर्षभराच्या वेळांचा छोटा तक्ता घातला होता. त्यात वीस ऑक्टोबरचा सूर्यास्त होता पाच एकवीस.

"पाच एकवीसला सूर्यास्त?" नाथाजी पुटपुटला. "सांगलीत निराळा सूर्य हाय का काय?"

माडीवरनं काही कळायचं नाही, कारण पश्चिमेला आगाशिवचा डोंगर, ऊन लवकरच डोंगराआड जातं. नाथाजी रविवारी घड्याळ घेऊन डोंगर चढला. सूर्य मावळेपर्यंत सावधानमध्ये उभा राहिला. लोक सांगतात, सूर्यानं जाता जाता त्याला सॅल्यूट मारला. ते जाऊ द्या. पण वेळ त्यानं टिपली, डोंगराच्या उंचीचं मिनिट वजा केलं, आणि आकडा आला. तिच्या तक्त्यातला सूर्य बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटं आधी मावळत होता.

आणि सूर्यास्ताचं काम म्हणजे त्या अ‍ॅपचा प्राण. कराड-शिराळ्याच्या पट्ट्यात बिबटे एवढे झालेत की ऊसतोडीच्या टोळीत एक माणूस कमी पडला तर मुकादम बिबट्याच्या हातात कोयता देतो. तिन्हीसांजेला उसात शिरून मोटार बंद करायची कुणाची छाती नाही. म्हणून दिवस मावळला की अ‍ॅपनं आपोआप मोटार बंद करायची आणि रानातला दिवा लावायचा. परीक्षेचा मुख्य प्रश्न तोच होता.

नाथाजी डोंगर उतरला तो शीळ घालत. सोमवारी तात्यासाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "काही चूक सापडली का?"

"न्हाई साहेब," नाथाजी म्हणाला. "पोरीचं काम एकदम साफ."

ब्राह्मीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. सहा महिन्यांत तो तिच्याबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलला होता. तिला शंका आली, आणि तिनं स्वतःचं काम तीनदा तपासलं. तक्ता तेवढा तपासला नाही. तो आज्जीच्या हातचा होता.

परीक्षेच्या दिवशी जोतीरामच्या वस्तीवर बाजेवर दहा मोबाइल मांडले. फुटक्या काचेपासून तात्यासाहेबांच्या आयफोनपर्यंत. जोतीराम म्हणजे तात्यासाहेबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि त्याची बायको साळूबाई म्हणजे त्याचीही मालक. दहावा मोबाइल तिचा. मागचं झाकण रबरानं बांधलेलं.

नाथाजीची पाळी आधी. नऊ मोबाइलवर त्याची पडशी घोड्यासारखी दौडली. दोनशे बारामधलं त्यानं बरंच उतरवलं होतं, पण पहारेकरी सोडला नव्हता आणि सनही. दहाव्यावर अक्षरं आली: जागा अपुरी.

"वैनी, थोडं फोटो पुसा," नाथाजी म्हणाला. "पन्नास-साठ काडलं की बसतंय."

साळूबाईनं पदराला हात पुसले आणि मोबाइल उघडून त्याच्या नाकासमोर धरला. वर्दीतला पोरगा. बर्फात पोरगा. पंगतीत पोरगा. झोपलेला पोरगा. "माझा अमृत हाय लडाखला. ह्यातला कुटला पुसू, सांगा की. तुमी बी फौजेतलंच न्हवं?"

नाथाजीला फौजेत सव्वीस वर्षांत कुणी असं उभं केलं नव्हतं. त्यानं मोबाइल दोन्ही हातांनी परत दिला.

"न्हाई पुसायचा," तो म्हणाला.

ब्राह्मीची पडशी आली. साळूबाईनं एक गुलाबाचं फूल पुसलं, तेही नणंदेनं पाठवलेलं, हसत हसत. पडशी बसली. दहापैकी दहा. ब्राह्मी नाथाजीकडं बघून एवढंच म्हणाली, "सात कामं, काका."

"दिवस मावळू दे की," नाथाजी म्हणाला. त्यानं मनगट वर केलं आणि घड्याळावर नजर लावली. साळूबाई मोबाइल बाजेवर ठेवून उसाला पाणी द्यायला गेली. मोटार घरघरत होती. खऱ्या सूर्यास्ताची वेळ पाच अठ्ठावन्न.

पाच दहाला मोटार बंद पडली आणि लख्ख उन्हात रानातला दिवा लागला.

"आरं तिच्या!" जोतीराम पोट धरून हसला. "दिवसाढवळ्या दिवा? वाघराला वाट दावायला का काय?"

ब्राह्मीचा चेहरा चुन्यासारखा झाला. तिनं सूर्याकडं बघितलं. सूर्य कासराभर वर होता, आणि त्याचं काही चुकलेलं दिसत नव्हतं.

"अठ्ठेचाळीस मिनिटं!" नाथाजी गरजला. पिंपळावरचे बगळे उडाले. "पुरी अठ्ठेचाळीस मिनिटं चुकीचा तक्ता! हिच्या घरात सूर्य आधी मावळतोय साहेब, हिचा निराळा सूर्य हाय!"

"शक्य नाही," ब्राह्मी म्हणाली. "स्वयंपाकघरात आज्जीनं लिहून लावलेला सूर्यास्ताचा तक्ता आहे तो. आम्ही जन्मापासून त्याच्यावर जेवतो." तिनं घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. "आज्जी, तो भिंतीवरचा सूर्यास्ताचा तक्ता... त्याच्यातला सूर्यास्त खरा आहे ना?"

पलीकडून आधी भांड्यांचा आवाज आला, मग आक्काताईंचा. "खरा कशाला असंल? दोन घटका आधीचा लिवलाय मी. अठ्ठेचाळीस मिन्टं."

"आज्जी!"

"आगं, सूर्यास्त साडेसहाला म्हनलं की तुमी साडेसहाला पाट मांडताय. मग घास तोंडात आनि सूर्य खाली. म्हनून मी सूर्यच आधी मावळवला. चाळीस वरसं झाली, एकाला बी कळलं न्हाई." आणि त्या हसल्या. "काय झालं गं? जेवलीस का?"

ब्राह्मीनं फोन ठेवला. नाथाजी गावातल्या पैलवानानं मांडी ठोकावी तसा उभा होता.

तेवढ्यात उसाच्या सरीतनं साळूबाई बाहेर आली. डोक्यावर चाऱ्याचा भारा, पायाला ओला चिखल, अंगावर अजून ऊन.

"मोटार थांबली, म्हनलं सुट्टी झाली," ती म्हणाली. "आवं, हे ब्येस झालं. रोज मोटार दिवस मावळंस्तोवर चालती. पाणी तुटस्तोवर मला हलता येत न्हाई, आनि मग सगळा ऊस अंधारात तुडवत यायचं. मागं कायतरी चालतंय असं वाटत ऱ्हातंय. आज पयल्यांदा उजेडात घरी आले."

"वैनी, आवं पर ते चूक हाय!" नाथाजी म्हणाला. "सूर्यास्त पाच अठ्ठावन्नला हाय!"

"आसू दे की. वाघरू काय पंचांग बगून येतंय? मला हेच पायजे. पोरी, हेच ठेव गं."

"चूक ती चूकच!" नाथाजीचा आवाज फाटला. तो तात्यासाहेबांकडं वळला. "साहेब, ही नशिबानं वाचली. हिला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं! मी डोंगरावर जाऊन ताडून बगितलं!"

तात्यासाहेबांनी टोपी नीट केली. "कधी?"

"तीन आठवडं झालं! खोटं वाटत असंल तर हे बगा," आणि त्यानं खिशातनं वही काढून त्यांच्या हातात दिली. "तारीख-वारासकट लिवलंय!"

तात्यासाहेबांनी वही वाचली. सावकाश, पान न पान. नाथाजीची मिशी आधी उजवीकडून खाली आली, मग डावीकडून.

"हिनं तुमच्या एकसष्ट चुका सांगितल्या," तात्यासाहेब म्हणाले, "माझं डोकं उठेपर्यंत. तुम्ही एक लपवली. आज ही चूक उजेडाकडं झुकली म्हणून बरं. उलटी असती, दिवा अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा लागला असता, तर? तेव्हाही गप्प बसला असता?"

समोर साळूबाई भारा उतरवत होती. अमृतच्या फोटोंनी भरलेला तिचा मोबाइल बाजेवर होता.

"उद्यापासून खाली," तात्यासाहेब म्हणाले. मग ब्राह्मीकडं वळले. "आणि तू हसू नकोस. तक्ता खरा कर. अठ्ठेचाळीस मिनिटं वेगळी ठेव, ज्याला पाहिजे तो घेईल. आठवं काम होऊ दे."

आठवं! ब्राह्मीच्या तोंडावर असं दुःख आलं की जिंकलेलं कोण ते कळेना.

नाथाजी खाली तक्रारींच्या फोनवर बसला. पहिल्या आठवड्यात औंधच्या एका गिऱ्हाइकानं त्याला पाऊण तास शिव्या दिल्या. गड्यानं अठ्ठेचाळीस मिनिटं चालू करून ठेवली होती, आणि मालक विचारत होता, मोटार उन्हातच का बंद होते म्हणून. नाथाजीनं उजवा कान हलवला नाही. "सुरक्षेसाठी हाय," तो म्हणाला. ते वाक्य ब्राह्मीनं लिहून दिलेलं होतं. प्रत्येक वेळी बोलताना त्याला कारल्याचा घोट घेतल्यासारखं वाटायचं.

पण फौजी माणूस मोर्चा सोडत नाही. तक्रारींच्या चिठ्ठ्या माडीवर पोचवायचं काम त्याचंच होतं. त्या कधी पोचवायच्या, हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. ब्राह्मीनं डब्याचं झाकण उघडलं आणि पहिला घास हातात घेतला की जिन्यात बूट वाजायचे. "चौदा तक्रारी, मॅडम. आजच्या आज सही पायजे." ती एका हातानं सही करायची, दुसऱ्या हातातला घास तसाच, आणि सूर्य, म्हणजे आज्जीचा सूर्य, खाली खाली चाललेला.

एक दिवस सहीची वाट बघताना त्याची नजर तिच्या पडद्यावर गेली. आठवं काम उघडं होतं. अठ्ठेचाळीस मिनिटं आधी मोटार बंद करणारं. प्रत्येक कामाला नाव असतं. ह्याला तिनं इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं: हवालदार.

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या हजारो मोबाइलांत, आयफोनात आणि रबर बांधलेल्या डबड्यांत, सातारा, सांगली, शिराळा, औंध, सगळीकडं आता मोटार बंद करणार तो हवालदार.

"हे काय?" नाथाजी म्हणाला.

"आधीच उठवून हाकलतं ना सगळ्यांना," ती जेवता जेवता म्हणाली. "म्हणून."

"नायब सुभेदार कर."

"अक्षरं जास्त होतात. वजन वाढतं."

नाव कितीही लांब ठेवलं तरी बांधलेल्या पडशीचं वजन वाढत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही. नाथाजी ताडताड खाली गेला. तक्रारीची नवी चिठ्ठी घेतली. ग्राहकाचं नाव: नाथाजी. तक्रार: पडशीतील आठव्या कामाचा हुद्दा चुकीचा आहे. तारीख, वार, सही. वर जाऊन त्यानं ती तिच्या डब्याशेजारी आपटली.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी त्याच्या फोनखाली परत आली होती. खाली ब्राह्मीच्या बारीक, काटकसरी अक्षरांत उत्तर होतं: चूक कळली. आता तीन आठवडे गप्प बसणार आहे.